पाऊस लागला की सोसायटीची मोटर ट्रिप होते? वायंडरकडे न्यायच्या आधी हे बघा

जून लागला की मला एकाच तऱ्हेचे फोन यायला लागतात. काल रात्रीपर्यंत मोटर चांगली चालत होती, रात्रभर पाऊस झाला, पहाटे खालच्या टाकीत पाणी आलं म्हणून वॉचमनने बटन दाबलं आणि ट्रिप. परत दाबलं, परत ट्रिप. दुपारी ऊन पडलं की तीच मोटर काही झालंच नाही अशी चालते, म्हणून सगळे विसरून जातात, आणि अशा दोन-चार पावसांनंतर एक दिवस जळका वास येतो आणि मोटर रिवायंडिंगला जाते, म्हणजे आतल्या जळलेल्या तांब्याच्या तारा (वायंडिंग) काढून वायंडर नवीन भरतो. सोळा वर्षं मी अंधेरी, वर्सोवा, जोगेश्वरी या पट्ट्यात सोसायट्यांच्या पंपांची कामं करतोय. कंपाउंडमध्ये, स्टिल्टखाली, गच्चीवर अशा उघड्यावर बसवलेल्या मोटरींमध्ये हा फॉल्ट मी कितीदा काढलाय त्याचा हिशोब नाही. त्यातल्या बऱ्याच मोटरी जळायला नको होत्या, दोन स्क्रू आणि एका ग्लँडचं (केबल जिथून मोटरमध्ये शिरते तिथली घट्ट पकड) काम होतं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी लक्षणं

पाऊस पडून गेल्यावर पहिल्या स्टार्टला ट्रिप होते, उन्हं आली की चालते. ही सगळ्यात कॉमन तक्रार, आणि हा ओलाव्याचा फॉल्ट आहे असं जवळजवळ धरून चालायला हरकत नाही.

मोटरच्या बॉडीला किंवा पाण्याच्या लोखंडी पाइपला हात लागला की झिणझिण्या येतात. इथे पुढचं काही वाचत बसू नका, मेन बंद करा आणि कोणालाही तिकडे जाऊ देऊ नका.

बटन दाबल्यावर नुसता गूं आवाज, फिरत नाही. किंवा फिरते पण दहा-पंधरा मिनिटांत ओव्हरलोड पडतो आणि बॉडीवर हात ठेववत नाही. किंवा खरखर आवाज येतो, शिट्टी वाजल्यासारखं होतं. काही मोटरींच्या खालून तांबूस गंजाचं पाणी ओघळलेलं दिसतं, ते दिसलं तर आत पाणी शिरून बरेच दिवस झालेत.

आता एक गोष्ट जी बहुतेक लोक बघतच नाहीत, नेमकं काय पडलं? पॅनलमध्ये तीन वेगळ्या वस्तू असतात आणि प्रत्येकीचं पडणं वेगळं सांगतं. ईएलसीबी पडला तर करंट कुठेतरी बॉडीतून जमिनीत जातोय, म्हणजे ओल. एमसीबी दाबल्या दाबल्या पडला तर शॉर्ट, केबल किंवा वायंडिंग. आणि स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले थोड्या वेळाने पडला तर मोटर जास्त करंट खातेय, म्हणजे बेअरिंग जाम, पंप जाम, नाहीतर तीनपैकी एक फेज गायब. वॉचमनला सांगून ठेवा की परत चढवायच्या आधी कुठला खटका खाली आलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढ. या एका फोटोने माझा अर्धा तास वाचतो आणि तुमचे पैसे.

आणि परत परत चढवू नका. एकदा चढवून बघितलं, पडला, बास. ओल्या वायंडिंगवर दहा वेळा बटन दाबलं तर जी मोटर वाळवून वाचली असती ती जळते. ईएलसीबी सारखा पडतो म्हणून तो बायपास करून देणारे इलेक्ट्रिशियन मी बघितलेत. हे कोणी तुमच्या बिल्डिंगमध्ये केलं असेल तर आजच्या आज काढायला लावा, पावसात ओल्या चपलेने तिथे उभा राहणारा तुमचा वॉचमन आहे.

हात लावायच्या आधी

मेन आयसोलेटर बंद, शक्य असेल तर फ्यूज काढून खिशात, आणि पॅनलवर पाटी. वरच्या मजल्यावरून कोणीतरी पाणी नाही म्हणून खाली येतं आणि चांगल्या मनाने बटन दाबतं, असे अपघात होतात. टेस्टर लागला नाही म्हणजे करंट नाही असं समजू नका, तीन फेजवर मीटर लावून प्रत्येक दोन फेजमध्ये आणि प्रत्येक फेज ते अर्थ असं बघा. ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर असेल तर तोही बंद, नाहीतर टाकी रिकामी झाली की मोटर आपोआप सुरू होईल. पायाखाली पाणी असेल तर आधी पाणी काढा. हे जमत नसेल किंवा मीटर वापरायची सवय नसेल तर फक्त पुढच्या दोन गोष्टी करा, त्यात काही उघडायचं नाही.

पहिली, आणि फुकटातली: गुंडाळलेलं प्लास्टिक काढा

हे मी सगळ्यात वर ठेवलंय कारण मुंबईतल्या निम्म्या उघड्यावरच्या मोटरी पावसाने नाही तर पावसापासून वाचवायला गुंडाळलेल्या ताडपत्रीने खराब झालेल्या मी बघितल्यात. वर्सोव्यात समुद्राच्या बाजूला एक जुनी बिल्डिंग आहे, पाच एचपीची मोटर कंपाउंडमध्ये. तीन वर्षांत दोनदा रिवायंडिंग झालेलं. मी गेलो तेव्हा मोटर निळ्या ताडपत्रीत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून सुतळीने घट्ट बांधलेली. सेक्रेटरी काका म्हणाले, "अरे, दरवर्षी नवीन ताडपत्री घेतो आम्ही, पाण्याला जायला जागाच नाही ठेवलेली." मी सुतळी कापली आणि ताडपत्री उलटी करून त्यांना दाखवली. कुकरचं झाकण काढल्यावर आतून जसे थेंब लोंबतात तसे थेंब, बोट फिरवलं तर कोपरापर्यंत ओघळ आला. म्हटलं, "काका, हे आकाशातलं पाणी नाही, हे मोटरचंच आहे." टर्मिनल बॉक्स उघडला तर आत अर्धं बोट पाणी, लगांवर (वायरच्या टोकाला बोल्टसाठी दाबलेली धातूची टोपी) हिरवा थर, आणि ज्या काळ्या पाटीवर तीन बोल्ट असतात त्या पाटीवर एका बोल्टपासून बॉडीपर्यंत केसासारखी बारीक जळकी रेघ. करंट ओलीवरून सरपटत गेल्याची ती खूण.

असं का होतं ते सांगतो. मोटर वीस मिनिटं चालली की आतली हवा तापते, फुगते, थोडी बाहेर जाते. मोटर बंद झाली की आतली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. दिवसातून दोनदा पाणी चढवता म्हणजे दिवसातून दोनदा मोटर असा श्वास घेते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती जी हवा घेते ती पाण्याने भरलेली असते. गार झालेल्या लोखंडाला आणि तारांना लागून त्या वाफेचं पाणी होतं. प्लास्टिक गुंडाळलं की हे पाणी बाहेर जायचा रस्ता बंद, वर पंख्याला हवा नाही म्हणून मोटर जास्त तापणार आणि जास्त ओढणार.

मोटरला पाहिजे छप्पर, गोधडी नको. पत्र्याचं किंवा फायबरचं उतार दिलेलं छप्पर, मोटरपासून हातभर वर, चारी बाजूंनी हवा खेळती. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येते, त्यामुळे त्या बाजूला एक आडवा पत्रा लावा, बाकीच्या बाजू उघड्या ठेवा. पंख्याच्या मागे भिंत किंवा पत्रा चिकटलेला नको, तिथून मोटर हवा घेते. आणि छपराचं पाणी कुठे पडतं ते पावसात उभं राहून एकदा बघा, पुष्कळ ठिकाणी पागोळी बरोबर पंपाच्या कपलिंगवर पडत असते.

दुसरी: पंख्याचं कव्हर आणि बॉडीच्या फिन (बाहेरच्या उभ्या पट्ट्या)

मोटरच्या मागच्या जाळीत पालापाचोळा, कबुतराची पिसं, प्लास्टिकची पिशवी अडकलेली असते. कबुतरं तर कव्हरवर घरटंच करतात आणि त्यांची विष्ठा ओली झाली की लोखंड खाते. ब्रशने कोरडं साफ करा. पाइप लावून धुऊ नका, प्रेशर वॉशर तर अजिबात नाही. बॉडीवर समुद्राचा खारा थर बसला असेल तर ओल्या फडक्याने पुसून कोरड्या फडक्याने कोरडं करा, कारण मीठ हवेतून पाणी ओढतं आणि ओलं मीठ करंट वाहून नेतं. वरळी, वांद्रे, वर्सोवा, मढ इथल्या मोटरी आतल्या भागातल्या मोटरींपेक्षा लवकर सडतात त्याचं कारण हेच.

रंग मारत असाल तर गंज खरवडून आधी प्रायमर, मग पातळ रंग. फिनमधल्या खाचा बुजतील इतका जाड थर नको, नेमप्लेटवर नको, आणि खालच्या भोकांवर तर नकोच, त्या भोकांचं पुढे सांगतो.

तिसरी: केबल कुठून आत शिरते

इथून पुढे मेन बंद असल्याशिवाय काही नाही.

केबल मोटरपर्यंत वरून उतरत येत असेल तर पाणी केबलला धरून सरळ टर्मिनल बॉक्समध्ये जातं. केबल आधी बॉक्सच्या खाली उतरवून मग वर वळवून आत न्या, म्हणजे पाणी वळणाच्या तळाशी गळून पडेल. याला खर्च शून्य, फक्त क्लॅम्प सोडून परत बांधायचे. मग ग्लँड बघा. केबल हाताने हलवली आणि ग्लँडमध्ये ढिली फिरली तर ती ग्लँड असून नसल्यासारखी, तिचा रबर कडक झालाय नाहीतर साइज चुकीची आहे. बरोबर साइजची डबल कम्प्रेशन ग्लँड लोहार चाळीत, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रिकल बाजारात, कुठल्याही दुकानात मिळते, केबलचा तुकडा बरोबर घेऊन जा. बॉक्सला दुसरं वापरात नसलेलं भोक असतं, त्यात कागदाचा बोळा कोंबलेला मी पाहिलाय, तिथे प्लग बसवा.

मोटरच्या नेमप्लेटवर आयपी ५५ लिहिलेलं असतं म्हणून लोक निर्धास्त राहतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, पाण्याच्या ५ चा अर्थ नळीने पाणी मारलं तरी आत नुकसान होईल इतकं जाणार नाही. पण कंपनीने ते टेस्टिंग ग्लँड, गॅसकेट आणि झाकण जागेवर असताना केलेलं असतं. चारपैकी दोन स्क्रू नसलेल्या झाकणाला कुठलाही आयपी नंबर उरत नाही. आणि आतल्या आत जे दव धरतं त्याच्यासाठी हा नंबर नाहीच.

चौथी: टर्मिनल बॉक्स

झाकण उघडा. आधी फोटो काढा, कुठली वायर कुठे होती ते नंतर आठवत नाही. आत पाणी असेल तर फडक्याने टिपून घ्या, मग हेअर ड्रायरने किंवा ब्लोअरने कोमट हवा मारा. लगांवर हिरवा थर दिसला तर तांबं खाल्लं गेलंय, पांढरी पावडर दिसली तर अॅल्युमिनियम. अॅल्युमिनियमची केबल थेट तांब्या-पितळेच्या बोल्टवर असेल तर ओलीत त्या दोघांचं कधीच जमत नाही, तिथे बायमेटॅलिक लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियम) पाहिजे. हे लक्ष देऊन करा, कारण एक लग सडून सुटला की तीनपैकी एक फेज जाते, मोटर गूं करत राहते, उरलेल्या दोन फेज जास्त करंट ओढतात आणि काही मिनिटांत वायंडिंग जातं. यासाठी पॅनलमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटर बंद करणारी वस्तू, असायलाच हवा, जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेकदा तो नसतो किंवा बायपास असतो.

त्या काळ्या पाटीवर जळकी रेघ असेल तर पुसून उपयोग नाही, पाटी बदला. झाकणाचं गॅसकेट दाबून बघा, बोटाने दाबल्यावर परत उठत नसेल तर नवीन रबर शीट कापून लावा. सिलिकॉनने झाकण चिकटवणारे भेटतात, मी नको म्हणतो, पुढच्या वेळी उघडताना झाकण वाकतं आणि मग कधीच बसत नाही.

पाचवी: खालची भोकं

बऱ्याच मोटरींना बॉडीच्या सगळ्यात खालच्या भागात छोटी भोकं असतात, स्क्रूने किंवा रबरी बुचाने बंद केलेली. आत जमलेलं दवाचं पाणी बाहेर जायला ती ठेवलेली असतात. वर्षानुवर्षं कोणी ती उघडत नाही, वरून रंग, त्यावर चिखल. मेन बंद करून बुच काढा आणि पाणी येतं का बघा. चमचाभर आलं तरी समजा की वायंडिंगच्या खालचा भाग ओला आहे आणि आता मेगर (तारांचं इन्सुलेशन किती चांगलं ते मोजायचा मीटर) लागणार. मोटर वेगळ्या स्थितीत बसवली असेल, म्हणजे उभी किंवा भिंतीला, तर भोक खरोखर तळाला आलंय का तेही तपासा. नसलेलं भोक स्वतः ड्रिल करू नका, आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही.

सहावी: पंपाचं सील

पावसाला शिव्या देतो आपण, पण पुष्कळदा पाणी पंपाचंच असतं. मोनोब्लॉकमध्ये पंप आणि मोटर एकाच शाफ्टवर, मध्ये मेकॅनिकल सील. सील गेलं की शाफ्टवरून पाणी उडतं, मिनिटाला २८८० च्या आसपास फेरे घेणारा शाफ्ट ते पाणी तुषार करून सरळ पुढच्या बेअरिंगवर मारतो. ओळखायचं कसं? पाऊस नसलेल्या दिवशी मोटर चालू असताना लांबून टॉर्च मारून पंप आणि मोटरच्या मधल्या फटीत बघा, हात घालू नका. थेंब किंवा तुषार दिसले, खाली फाउंडेशनवर पांढरा-तांबूस डाग दिसला, तर सील बदलायचं. शाफ्टवर एक रबरी चकती असते, पाणी बाहेर फेकायला, ती घसरून किंवा फाटून गेलेली असते, सील बदलताना तीही नवीन घाला. हे काम पंपवाला मेकॅनिक करेल, घरी करायचं नाही, सील तिरकं बसलं तर आठवड्यात परत गळतं.

पाणी उडत राहिलं की पुढचं बेअरिंग जातं. मेन बंद करून मागच्या पंख्याने शाफ्ट हाताने फिरवा. मऊ फिरला तर ठीक, खरखर लागली किंवा मध्येच अडला तर ग्रीस धुऊन गेलंय. नवीन बेअरिंग घ्याल तेव्हा नागदेवीला, मशिनरीच्या बाजारात, दुकानदार झेडझेड देईल, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्रा. उघड्यावरच्या मोटरला टू आरएस मागा, दोन्ही बाजूंना रबर.

सिंगल फेज मोटर असेल तर अजून एक

बंगले, चाळी, छोट्या बिल्डिंगमधल्या एक-दीड एचपीच्या मोटरी २३० व्होल्टवर चालतात आणि त्यांना कॅपॅसिटर असतो, लोक कंडेन्सर म्हणतात. गूं करते, फिरत नाही, पण शाफ्टला मोकळेपणा आहे, तर पहिला संशय कॅपॅसिटरवर. फुगलेला, गळलेला, चिरलेला असेल तर बदला, तेवढ्याच मायक्रोफॅरॅडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा. बंद केल्यावरही त्याच्यात चार्ज राहतो, म्हणून टोकांना हात लावायच्या आधी तो डिस्चार्ज करायला शिकलेल्या माणसानेच हात घालावा. गूं करणारी मोटर हाताने किंवा काठीने धक्का देऊन फिरवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. कृपा करून नको. बोटं गेलेला माणूस मी ओळखतो.

मोटर का केबल, हे वेगळं करणं

इथपर्यंत सगळं बघितलं आणि तरी ईएलसीबी पडतोच, तर आता इलेक्ट्रिशियन पाहिजे. तो मोटरकडची तिन्ही टोकं सोडेल, वेगवेगळी टेप करेल, लांब उभा राहून पॅनल चालू करेल. मोटर जोडलेली नसतानाही पडला तर मोटर निर्दोष आहे, पाणी केबलमध्ये किंवा पॅनलमध्ये आहे. कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉकखाली जुना जॉइंट असतो, खोदकाम करताना कोणीतरी केबल तोडून टेप मारून मातीत पुरलेली असते, तो जॉइंट दर पावसात पाणी पितो. एका ठिकाणी या जॉइंटपायी चांगली मोटर दोनदा वायंडरकडे जाऊन आली होती, दोन्ही वेळा पैसे गेले आणि तिसऱ्या पावसात परत तेच. म्हणून मोटर उचलायच्या आधी ही टेस्ट करायला लावा, दहा मिनिटांचं काम आहे.

मेगर, आणि आकडा विचारा

मोटरकडे बोट आलं तर मेगर लावायचा. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर, केबल सोडून, कंट्रोलर, ड्राइव्ह, कॅपॅसिटर जे काही इलेक्ट्रॉनिक जोडलेलं असेल ते सगळं सोडून, नाहीतर ते उडेल. एक मिनिट धरून मग वाचायचं. साध्या मल्टिमीटरने हे कळत नाही, तो नऊ व्होल्टची बॅटरी लावून बघतो आणि ओलं वायंडिंगही त्याला चांगलं दिसतं.

एक मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर चालू करायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी. पाचच्या वर असेल तर मी चालू करतो. एक ते पाचच्या मध्ये असेल तर वाळवतो, मग परत मोजतो. चांगली कोरडी मोटर शंभरच्याही वर दाखवते. वायंडर किंवा इलेक्ट्रिशियन नुसतं "मेगर कमी आहे, रिवायंड करावं लागेल" म्हणाला तर आकडा किती ते विचारा. कमी मेगर म्हणजे जळलेलं वायंडिंग असं नाही, बहुतेक वेळा ते नुसतं ओलं असतं.

वाळवायचं कसं? टर्मिनल बॉक्स आणि खालची भोकं उघडी ठेवून, जमलं तर मागचं झाकण काढून रोटर बाहेर घेऊन, आत १०० किंवा २०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सोडतात. एलईडीने काही होत नाही, त्याला तेवढी उष्णता नाही. बल्ब तारांना टेकता कामा नये. ब्लो लॅम्प, गॅसची शेगडी नाही, वायंडिंग ८० ते ९० डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही, वॉर्निश चिरतं. आणि एक गोष्ट माहीत असू द्या, वाळवायला लागल्यावर मेगरचा आकडा आधी खाली येतो, मग बराच वेळ तिथेच राहतो, मग वर चढतो. पहिल्या दोन तासांत आकडा पडला म्हणून लोक हात टेकतात आणि मोटर रिवायंडला पाठवतात. एक रात्र द्या तिला.

गटाराचं किंवा समुद्राचं पाणी आत गेलं असेल तर नुसतं वाळवून चालत नाही, मीठ आणि घाण आतच राहते आणि पुढच्या दमट दिवशी परत ओल धरते. आधी मोटर उघडून गोड्या पाण्याने धुवायची, मग भट्टीत वाळवायची, मग मेगर, मग गरज वाटली तर वॉर्निश. हे वर्कशॉपचं काम. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा पाण्याखाली गेलेल्या मोटरींचं काय झालं हे माझे उस्ताद सांगायचे, ज्यांनी पाणी ओसरल्यावर लगेच बटन दाबलं त्यांच्या गेल्या, ज्यांनी धुऊन वाळवल्या त्यातल्या पुष्कळ परत चालल्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बॉडीला करंट, जळका वास, धूर, मोटर पाण्यात बुडाली, मेगर एकच्या खाली, मोटर सोडूनही ट्रिप, यातलं काहीही असेल तर लायसनवाला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, बिल्डिंगचा हौशी माणूस नाही. मीटरचं सील आणि मीटरपर्यंत येणारी सगळी लाइन वीज कंपनीची, तिथे कॉन्ट्रॅक्टरनेही हात लावायचा नाही. थ्री फेज मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थच्या पट्ट्या लागतात, तुमच्याकडे एकच असेल किंवा गंजून तुटलेली असेल तर त्याच माणसाकडून आधी ते करून घ्या. फायर पंपाला मात्र यातलं काहीच लागू करू नका, तो फायरच्या लायसन्स एजन्सीचा, जी जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी (फायरची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं सर्टिफिकेट) देते, त्यांनाच बोलवा.

रिवायंडिंग खरंच करावं लागलं तर वायंडरला सांगा, जुन्या तारा काढायच्या आधी मला दाखव. सगळं वायंडिंग एकसारखं काळं असेल तर ओव्हरलोड झाला. स्टार कनेक्शनमध्ये (तिन्ही वायंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) दोन फेज काळ्या आणि एक नवीकोरी, किंवा डेल्टात (तिन्ही त्रिकोणात जोडलेली) एकच काळी, तर एक फेज गेली होती. आणि सगळं स्वच्छ, फक्त एका जागी भोक पडून लोखंडाला चिकटलंय, तर ती ओल. कारण न शोधता नवीन तारा भरल्या तर पुढच्या जूनमध्ये त्याच मोटरसाठी परत याल.

मे महिन्यात

ग्लँड, गॅसकेट, भोकं, छप्पर, मेगर हे सगळं मे संपायच्या आत करा, पाऊस लागल्यावर मेकॅनिक मिळत नाही. फाउंडेशन जमिनीलगत असेल आणि कंपाउंडमध्ये पाणी साचत असेल तर मोटर वीतभर उचलून घ्या, पाइप थोडा बदलावा लागतो पण पंपाला तेवढ्याने फरक पडत नाही.

आणि स्टँडबाय मोटर. ही मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. दोन मोटरी असतात, एक रोज चालते, दुसरी अडीअडचणीला म्हणून ठेवलेली. जी चालते ती स्वतःच्या गरमीने रोज थोडी वाळते. जी नुसती उभी असते ती चार महिने ओल पीत राहते, इंपेलर गंजून चिकटतो, आणि ज्या दिवशी पहिली बंद पडते त्या दिवशी दुसरी बटन दाबताच जाते. मग सातव्या मजल्यावरच्या आजींना खालून बादल्या न्याव्या लागतात. दोघींना एक दिवसाआड चालवा, बास. मोठी मोटर असेल आणि बजेट असेल तर नवीन घेताना आत स्पेस हीटर असलेली घ्या, मोटर बंद असताना तो आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी गरम ठेवतो, त्यामुळे दव धरत नाही.

त्या वर्सोव्याच्या बिल्डिंगमध्ये आम्ही ताडपत्री काढून पत्र्याचं छप्पर केलं, पाटी, ग्लँड आणि लग बदलले, मोटर एक रात्र बल्बवर ठेवली. स्टार्टरच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय, तारीख आणि मेगरचा आकडा, दर महिन्याला त्यांचा इलेक्ट्रिशियन लिहितो. पहिल्या वर्षी मे मध्ये ६०, जुलैत २२, ऑगस्टमध्ये १९, ऑक्टोबरात परत ५५. पावसात आकडा उतरतो आणि पावसाळा संपला की चढतो, हे असंच असायला हवं. दुसऱ्या वर्षी जुलैत एकदम ७ आला तेव्हा सेक्रेटरी काकांनी ट्रिप व्हायची वाट न बघता मला फोन केला. टर्मिनल बॉक्स उघडला तर गॅसकेटचा एक कोपरा आत दुमडला होता.